नलूने उतरवलेला आळ

बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. आम्हा निवृत्त शिक्षकांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे दाखवायला जावं लागतं, आणि दर नोव्हेंबरात ते अंगठ्याचं यंत्र माझा अंगठा नाकारतं. बत्तीस वर्षं खडू धरून रेषा पुसल्या असतील कदाचित. काउंटरवरची मुलगी "आजी, जरा दाबून ठेवा" म्हणत होती आणि तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. माझी मैत्रीण नलू, तिच्या यजमानांचा, वसंत भावोजींचा होता. "सुमनताई, नलू गेली," ते म्हणाले. मी विचारलं, "कधी?" म्हणाले, "आत्ताच. दोन घोट चहा घेतला, कप माझ्या हातात दिला, आणि..." दोन महिने आम्ही सगळेच या फोनची वाट बघत होतो म्हणा ना. पित्ताशयाचा कर्करोग, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी हात टेकलेले. तरीही मी त्या काउंटरपाशी अंगठा यंत्रावर तसाच ठेवून उभी राहिले, आणि यंत्रानं तो कधी घेतला हे मला कळलंसुद्धा नाही. मुलीनं हातात कागद दिला तेव्हा भानावर आले आणि रिक्षा करून तशीच मांडवीला तिच्या घरी गेले.

नलिनी जाधव हे तिचं नाव रत्नागिरीत निदान दोन-अडीचशे घरांना आणि पाच-पंचवीस कचेऱ्यांना ठाऊक होतं. संगणक बिघडला की "त्या मांडवीच्या बाईंना बोलवा" असं म्हणत. मी तिला ओळखत होते ती आठवीपासून. आम्ही एका बाकावर बसायचो. मी धड्यातल्या कविता पाठ करायची आणि ती बाकाखाली कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ उघडून बसायची. तिचे वडील पोस्टात होते. मुलीनं शिक्षिका व्हावं अशी त्यांची फार इच्छा. ही मात्र आयटीआयला गेली, रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या वर्गात एकटी मुलगी. तिथून मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात लागली. तिथे व्होल्टेज स्टॅबिलायझर बनायचे. पंधरा वर्षं तिनं तिथे तारा जोडायचं झाळकाम केलं. मग तो कारखाना बंद पडला. माणसं मुंबईला गेली, कुणी आंब्याच्या पेट्या भरायला लागली. नलूनं काय केलं, तर भंगारातला एक जुना संगणक घरी आणला आणि पुढच्या खोलीत जमिनीवर पसरून बसली. पस्तिशीत होती ती तेव्हा. इंग्रजी जेमतेम. शब्दकोश घेऊन पडद्यावरचा एकेक शब्द लावायची आणि अडलं की मला फोन करायची. "सुमे, ॲबॉर्ट म्हणजे काय गो?" 'मधेच सोडून देणं' असा मी अर्थ सांगितला की म्हणायची, "अस्सं होय! आणि मेला मला विचारतोय, करू का म्हणून."

तिची खरी ख्याती झाली ती व्हायरस काढण्यात. बाजारातले बरेच जण व्हायरस आला की सरळ सगळं पुसून टाकत आणि नव्यानं भरून देत. माणसाचे फोटो, पत्रं, हिशेब, सगळं गेलं तरी "आता कसा फास्ट चालतो बघा" म्हणत. नलूला याचा मनस्वी राग. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेला एक पेनड्राइव्ह असायचा. त्यात तिनं घरच्या निरोगी संगणकावर एक छोटी, स्वतंत्र प्रणाली भरून ठेवलेली होती. आजारी संगणक त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून चालू न करता या पेनड्राइव्हवरून चालू करायचा. मग आतला व्हायरस जागाच होत नाही, निपचित पडून राहतो आणि त्याला शोधून काढता येतं. पेनड्राइव्हला बाजूला एक बारीकसं बटण होतं. ते सरकवलं की त्यात बाहेरचं काही शिरू शकत नसे. दुसऱ्याच्या संगणकाला लावण्याआधी ती ते बटण दोनदा तपासायची. मी एकदा हसले तर म्हणाली, "डॉक्टरानं हात नाही धुतले, तर एका घरचा ताप दुसऱ्या घरी तोच नेईल."

आता जे सांगणार आहे ते दहा-बारा वर्षांपूर्वीचं. त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, पण ते वगळून नलूबद्दल लिहिणं खोटं होईल.

मी तेव्हा रत्नागिरीपासून तासाभराच्या एका गावातल्या शाळेत मराठी शिकवत होते. शाळेत दिनेश नावाचा लिपिक होता. वडील त्याच शाळेत लिपिक असताना वारले, त्यांच्या जागी हा लागला. तीस वर्षांचा, अबोल, शर्टाचं वरचं बटणही लावणारा. त्याचं लग्न ठरलं होतं बुरोंडीच्या मुलीशी. मुलीची मावसबहीण आमच्याच शाळेत शिक्षिका. दहावीच्या मुलांचे अंतर्गत गुण ऑनलाइन भरायचे होते. तीन दिवस उरले होते आणि ते सगळे गुण कार्यालयातल्या एकमेव संगणकात होते. सोमवारी सकाळी दिनेशनं संगणक चालू केला आणि पडद्यावर एक मोठी चौकट आली. वर पोलिसांचं बोधचिन्ह, खाली इंग्रजीत मजकूर. या संगणकावर अश्लील चित्रफिती पाहिल्या गेल्यामुळे तो पोलिसांनी बंद केला आहे, इतक्या तासांत दंड भरा, नाहीतर अटक. माउस हलेना, कळ चालेना. बंद करून चालू केला तरी तेच.

मुख्याध्यापक घाबरून गेले. वाईट माणूस नव्हते ते, पण निवृत्तीला वर्ष राहिलेलं आणि पोलीस म्हटलं की त्यांचे हातपाय गळायचे. त्यांना ते खरंच वाटलं. त्यांनी दिनेशला सगळ्यांसमोर विचारलं, "दिनेश, खरं काय ते सांग. तुझ्याशिवाय या मशीनवर बसतं कोण?" दिनेश म्हणाला, "सर, आईशपथ, मी तसलं काही..." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तीस वर्षांचा पुरुष माणूस. आम्ही अकरा जण उभे होतो. कुणी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होतं, कुणी पायाकडे. मीही काही बोलले नाही. मुलीची मावसबहीण हळूच बाहेर गेली, आणि तिच्या हातात फोन होता हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

मी एवढंच केलं, की सरांना म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे, तिला बोलावते. अकराच्या एसटीनं नलू उतरली. खांद्याला झोळी, हातात डबा. कार्यालयात येऊन तिनं पडद्यावरचा मजकूर ओठ हलवत पुरता वाचला आणि चक्क हसली. "सर, पोलीस दंड असा मागतात होय? ना पावती, ना ठाण्याचं नाव. हा व्हायरस आहे, माणसाला लाज वाटावी म्हणून लिहिलेला. लाजेनं माणूस कुणाला दाखवत नाही नि गुपचूप भरून मोकळा होतो." सरांना धीर आला, पण पुरता नाही. त्यांनी विचारलं, "आपण कुठल्या जाधव?" हा प्रश्न आपल्याकडे का विचारतात ते तिलाही माहीत होतं, मलाही. "मांडवीच्या," ती शांतपणे म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

दिनेशला सरांनी बाहेर थांबायला सांगितलं होतं. नलूनं विचारलं, "यावर रोज कोण बसतं? त्याला बोलवा." सर म्हणाले, "त्याला नको. चौकशी व्हायचीय अजून." नलूनं झोळी परत खांद्याला अडकवली. "मग मी निघते. आजारी माणसाला बघायचं नि घरच्यांना दाराबाहेर ठेवायचं, असं मला जमत नाही." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दिनेश आला, आणि नलूनं त्याला अगदी शेजारी, खुर्चीला खुर्ची लावून बसवलं.

तिनं पेनड्राइव्ह लावला आणि दिनेशला म्हणाली, "मी बटण दाबते. कंपनीचं नाव दिसलं रे दिसलं की ही कळ टकटक दाबत राहा." पहिल्यांदा त्याची वेळ चुकली आणि पुन्हा ती पोलिसांची चौकट आली. दिनेशनं मान खाली घातली. "असू दे. माझं पहिल्या दिवशी सात वेळा चुकलं होतं," नलू म्हणाली. दुसऱ्यांदा बरोबर जमलं. काळ्या पडद्यावर यादी आली. तिनं पेनड्राइव्हची ओळ निवडली आणि थोड्या वेळानं एक साधाच निळा पडदा उघडला. बोधचिन्ह नाही, धमकी नाही. शाळेच्या सगळ्या फायली जागच्या जागी दिसत होत्या. दिनेशनं सोडलेला श्वास मला दारापर्यंत ऐकू आला. आधी तिनं दहावीचे गुण वेगळ्या डिस्कवर काढून घेतले, ते एकेक उघडून दिनेशला तपासायला लावले, आणि मगच शोध सुरू केला. दोन तासांहून जास्त वेळ लागला. तेवढ्यात दोघांनी तिच्या डब्यातले घावणे खाल्ले. ती त्याला विचारत होती, बुरोंडीला समुद्र घरापासून किती लांब, मुलगी काय शिकलीय. त्याला कुणी तरी त्या दिवशी माणसासारखं विचारत होतं...

शोध संपला. सापडलेलं सगळं तिनं काढलं, संगणक सुरू होताना व्हायरसला उठवणारी नोंदही पुसली. मग बराच वेळ ती नुसती तारखा आणि वेळा बघत बसली. उठून मला व्हरांड्यात बोलावलं. जांभ्या दगडाच्या पायरीवर आम्ही दोघी उभ्या. "सुमे, गेल्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर या मशीनवर कोण होतं?" शनिवारी दुपारी मी होते. वार्षिक अंकासाठी मला एक सुबक मराठी टंक, म्हणजे फॉन्ट, हवा होता. भाच्यानं कुठल्या तरी साइटवरून फुकटात उतरवून माझ्या पेनड्राइव्हवर दिला होता, तो मी टाकला होता. "मी," म्हटलं. "तो टंक टाकलास ना, त्याच्याबरोबर आलं हे. चित्रफितींचा काही संबंध नाही. कुणीही काही बघितलेलं नाही." मी विचारलं, "सांगणार आहेस तू?" आजही तो प्रश्न आठवला की मला माझीच शरम वाटते. ती दिनेशबद्दल बोलत होती आणि मी माझ्याबद्दल विचारत होते. ती म्हणाली, "त्याच्यावरचा आळ मी आत्ता उतरवते. तुझं नाव मी नाही घेणार. ते तुझं काम."

तिनं सगळ्यांना कार्यालयात बोलावलं. संगणक नेहमीसारखा चालू करून दाखवला आणि सोप्या शब्दांत सांगितलं, की ही धमकी खोटी, बाहेरून आलेल्या एका फाइलमधून शिरलेली, आणि या मशीनवर तसलं काहीही कधी पाहिलं गेलेलं नाही, हे तिनं स्वतः तपासलंय. सरांनी विचारलं, "पण आणलं कुणी?" ती म्हणाली, "ते ज्याचं त्याला कळेल, सर. आज प्रश्न यांचा आहे." आणि दिनेशकडे बोट केलं. सर ओशाळले. म्हणाले, "बरं, दिनेश... झालं गेलं विसरून जा." नलू जागची हलली नाही. "झालं काहीच नव्हतं, सर. तसं म्हणा." सर दिनेशकडे वळले. "दिनेश, तुझ्याकडून काहीच झालेलं नव्हतं. मी बोलायला नको होतं." नलूनं मग चहा घेतला.

त्या दिवशी मी गप्प राहिले. संध्याकाळच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. तिनं खिडकीची जागा मागून घेतली आणि उतरेपर्यंत त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. तिनं मला टोचून बोलायला हवं होतं असं मला वाटत होतं, म्हणजे मला चिडता तरी आलं असतं. अकरा दिवस मी रोज ठरवत होते आणि रोज टाळत होते. गुण वेळेत भरले गेले, आता कशाला उकरून काढायचं, अशी मनाची समजूत घालत होते. बाराव्या दिवशी दुपारी बुरोंडीहून मुलीचे वडील शाळेत आले. पांढरा सदरा, हातात छत्री. सरांसमोर बसून म्हणाले, "कानावर काही आलंय. मुलीचा प्रश्न आहे, म्हणून विचारायला आलो." सर समजावत होते, पण आपणच आधी संशय घेतला होता म्हणून अडखळत होते, आणि त्या अडखळण्यानं मामला आणखीच बिघडत होता. दिनेश कपाटापाशी पाठमोरा उभा होता. हातात फाइल होती, पण तो ती वाचत नव्हता. मी पाचवीचा वर्ग सोडून आत गेले आणि म्हटलं, "ते माझ्या हातून झालं. मी बाहेरून आणलेली फाइल त्या मशीनवर टाकली, त्यातून आलं. दिनेशचा काडीचा संबंध नाही. आणि मला हे कळून बारा दिवस झालेत." शेवटचं वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते आलं.

लग्न झालं. दिनेश मात्र माझ्याशी वर्षभर कामापुरतंच बोलला. पत्रिका द्यायला तो मांडवीला नलूकडे स्वतः गेला, आणि मला ती शिक्षकवृंदाच्या एकत्र पाकिटातून मिळाली. नलूला मी सगळं सांगितलं तेव्हा ती एका संगणकाचा पंखा ब्रशनं झाडत होती. म्हणाली, "उशीर केलास." मग पंखा जागेवर बसवला, स्क्रू आवळला आणि म्हणाली, "पण केलंस." आमची मैत्री त्यानंतर आणखी वीस वर्षं चालेल असं मी धरून चालले होते.

तिच्या त्या पेनड्राइव्हला सगळंच जमायचं असं नाही. एका बाईच्या संगणकातले गेलेल्या नवऱ्याचे सगळे फोटो व्हायरसनं कुलूपबंद केले होते. नलूनं व्हायरस काढला, पण कुलूप उघडेना. दोन वर्षं तिनं ती डिस्क सांभाळली, दर काही महिन्यांनी कुणी त्याची किल्ली शोधून काढलीय का ते बघायची. शेवटी स्वतः त्यांच्या घरी जाऊन डिस्क परत केली आणि "मला नाही जमलं" म्हणून सांगितलं. ती तोंडाची फटकळ होती, चूक झाकणाऱ्यावर भयंकर चिडायची, पण आपलं अपयश कधी गोड करून सांगितलं नाही तिनं.

तिला शेवटची भेटले ते ती जाण्याआधी आठ दिवस. भावोजी तिला पेज भरवत होते आणि ती त्यात मीठ नाही म्हणून कुरकुरत होती. माझा हात धरून म्हणाली, "वजन बघ. आयटीआयत होते तेवढं झालं." मी हसायचा प्रयत्न केला. ती खरंच हसली.

नलूच्या जलदानविधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बुद्धवंदना झाली, लोक तिच्याबद्दल दोन शब्द बोलले. दिनेश दापोलीहून बायको आणि मुलीला घेऊन आला होता. आता तिकडच्या शाळेत असतो, केसांत पांढरं दिसायला लागलंय. जेवणं झाल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला. म्हणाला, "बाई, एक सांगायचं राहून गेलंय. मी तुमच्यावर फार दिवस राग धरला होता. एकदा नलूताईंकडे तुमच्याबद्दल वाईट बोललो, तर त्यांनी मला अस्सं झापलं... म्हणाल्या, 'ती बोलली नसती तर कुणाला कधी कळणार नव्हतं. मला माहीत होतं, पण मी सांगणार नव्हते. तरी ती बोलली. तू असतास तर बोलला असतास काय?' तेव्हापासून माझा राग गेला, बाई." मला नलूनं हे कधीच सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

गेल्या आठवड्यात भावोजींनी बोलावलं म्हणून गेले. पुढच्या खोलीत दुरुस्तीला आलेले संगणक होते, ते ज्याचे त्याला पोचवायचे होते. प्रत्येकावर तिनं चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, आजारपणातली, अक्षर वाकडं झालेलं. कुणाची डिस्क बदलायची, कुणाचा व्हायरस काढून झाला, कुणाला पासवर्ड बदलायला सांगायचा. भावोजी एकेकाला फोन करत होते, माणसं येत होती, दारात दोन मिनिटं उभी राहून घेऊन जात होती. संध्याकाळपर्यंत एकच लॅपटॉप उरला. त्याचे मालक, एक निवृत्त मास्तर, बंदराच्या वाटेवर राहणारे, फोन उचलत नव्हते. मी चिठ्ठी वाचली. "हळू चालतो म्हणतात. तिसऱ्यांदा आणलाय. तपासला, काहीच झालेलं नाही. घरी एकटे असतात. नेऊन द्यावा आणि तासभर बसावं."

भावोजी म्हणाले, "राहू दे सुमनताई, उद्या मी जाईन." मी म्हटलं, "नको, माझ्या वाटेवरच आहे." खरं तर माझी वाट उलट दिशेला. मास्तरांनी दार उघडलं, लॅपटॉप बघून म्हणाले, "काय निघालं?" मी म्हटलं, "काही नाही. छान चालतोय." ते क्षणभर गोंधळले, मग दारातून बाजूला झाले. "मग... बसा ना जरा. चहा टाकतो." मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.